पेपर मोजू नका, सोडून दिलेले अभ्यास मोजा

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की डॉक्टरांसाठीच्या संशोधन-पद्धती वर्गांच्या जाहिराती फिरू लागतात. कुठे पाच दिवस, कुठे तीन आठवडे, कुठे अख्खा उन्हाळा. विषयपत्रिका सगळीकडची सारखीच: प्रश्न कसा मांडावा, अभ्यासाचे प्रकार, नमुना-संख्या (अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे), बायस (निकाल एका बाजूला झुकवणारी चूक), पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता), रिग्रेशन (अनेक घटकांचा एकत्र हिशेब), एथिक्स, पेपर-लेखन. शेवटच्या दुपारी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. मग वर्षा-दोन वर्षांनी आयोजकांचा अहवाल निघतो आणि त्यात ठळक अक्षरांत एक आकडा असतो: आमच्या वर्गातून गेलेल्या डॉक्टरांचे इतके पेपर छापून आले.

माझं भांडण या आकड्याशी आहे. सांख्यिकी शिकवणारी म्हणून अशा वर्गांत मी शिक्षकांच्या बाजूला बसत आले आहे, तेव्हा हे घरचंच भांडण समजा. पेपर मोजायचे ठरले की वर्गही पेपर काढण्यासाठीच चालतात. डॉक्टरांच्या हाती थोडी सांख्यिकी, थोडं सॉफ्टवेअर आणि ‘जर्नल कसं निवडावं’ यावरचं एक व्याख्यान दिलं जातं. परिणाम एवढाच, की पूर्वी जे अभ्यास ओबडधोबड व्हायचे ते आता नीटनेटक्या तक्त्यांसह होतात. आतला प्रश्न होता तितकाच पोकळ राहतो. माझ्या मते उन्हाळी वर्गाचं पहिलं काम याच्या उलट आहे: पहिल्या रुग्णाने संमतिपत्रावर सही करण्याआधी वाईट अभ्यास थांबवणं. वर्गाला आलेल्या वीस जणांपैकी आठ जण ‘मी आणलेला अभ्यास करण्यात अर्थ नाही’ हे कळून परत गेले, तर मी त्या वर्गाला शंभरपैकी शंभर देईन.

डॉक्टरांच्या संशोधनाबद्दलची तक्रार जुनीच आहे. डग्लस ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटं, जळजळीत संपादकीय लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की डॉक्टरांना बढतीसाठी संशोधन करावं लागतं, ते कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवत नाही, आणि त्यातून जे निपजतं त्याला घोटाळा हाच शब्द योग्य आहे. त्याची मागणी होती कमी संशोधनाची, चांगल्या संशोधनाची आणि योग्य कारणांसाठी केलेल्या संशोधनाची. तीन मागण्यांतली पहिली सगळे विसरले. पुढे २००९ मध्ये इयान चाल्मर्स आणि पॉल ग्लासझिऊ या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब मांडला, की वैद्यकीय संशोधनावर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे ८५ टक्के वाया जातो. त्यांनी गळतीच्या चार जागा दाखवल्या: रुग्णांना किंवा डॉक्टरांना ज्याचं उत्तर नकोच आहे असा प्रश्न, सदोष आराखडा, कधीच न छापले गेलेले निष्कर्ष आणि छापूनही वापरता येणार नाहीत असे अपुरे अहवाल. पहिल्या दोन गळत्या पहिला रुग्ण यायच्या आधीच सुरू झालेल्या असतात. नंतर कितीही हुशार सांख्यिकीतज्ज्ञ आणून बसवला तरी त्या बुजत नाहीत. विख्यात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात हे फार रोखठोक सांगितलं होतं: प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल.

तरीही आपल्या वर्गांत निम्म्याहून जास्त तास त्या शवविच्छेदनाच्या हत्यारांवर जातात. टी-टेस्ट कधी, काय-स्क्वेअर कधी, लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये कोणते घटक घालायचे. हे सगळं पुस्तकात आहे, व्हिडिओत आहे आणि सॉफ्टवेअरला पाठ आहे.

एक प्रसंग जवळून सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एका वर्गात एक तरुण सर्जन आपला प्रश्न घेऊन आले. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेचा संसर्ग एका विशिष्ट पद्धतीने ड्रेसिंग केल्यास कमी होतो का? प्रश्न उत्तम होता. माणूस रोज हात बुडवून काम करणारा होता, वरिष्ठांनी सुचवलेला विषय उचलून आलेला नव्हता. मी विचारलं, “आत्ता संसर्गाचं प्रमाण किती?” “शंभरात दहा असेल.” “नव्या ड्रेसिंगने किती व्हावं?” ते थोडं थांबले. “सात झालं तरी मी ड्रेसिंग बदलीन.” हे उत्तर मला फार आवडलं, कारण ते रुग्णाच्या बाजूने दिलेलं होतं. मग आम्ही फळ्यावर गणित केलं. दहाचे सात होतात हे नेहमीच्या खात्रीने, म्हणजे ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्क्यांची मर्यादा (नसलेला फरक दिसण्याच्या शक्यतेची) धरून दाखवायचं, तर प्रत्येक गटात सुमारे १,३५० रुग्ण लागतात. दोन्ही मिळून २,७००. त्यांच्या विभागात अशा शस्त्रक्रिया वर्षाला तीनशे. एकही रुग्ण न निसटता आणि एकानेही नकार न देता नऊ वर्षं.

खोलीत सगळे गप्प झाले. तेवढ्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी अगदी मदतीच्या भावनेने सुचवलं, “दहाचे तीन होतील असं धरा ना.” गणित केलं. प्रत्येक गटात १९०, एकूण ३८०. सव्वा वर्षात काम फत्ते, प्रबंधाला वेळेत. खोलीत हायसं वाटल्याचं दिसलं.

माझ्या दृष्टीने सगळा वर्ग त्या एका क्षणात सामावलेला आहे. दहाचे तीन करणारं ड्रेसिंग जगात असतं, तर ते एव्हाना सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं असतं, चाचणीची गरजच पडली नसती. हातातल्या वेळेत बसावी म्हणून नमुना-संख्या उलटी काढायची आणि तिला साजेसा अवास्तव फायदा गृहीत धरायचा, ही चाल सगळीकडे चालते. एथिक्स कमिटीच्या कागदात ती दिसत नाही, कारण सूत्र बरोबर असतं, फक्त त्यात घातलेला आकडा खोटा असतो. पुढे काय होतं हेही ठरलेलं. ३८० रुग्णांत १९ विरुद्ध १३ असा काहीतरी निकाल येतो. म्हणजे दहा आणि सातच, सर्जनना हवा होता तोच फरक. पण तो खरा की योगायोगाचा हे एवढ्या रुग्णांवरून सांगता येत नाही. पी-व्हॅल्यू मोठी येते आणि पेपरात लिहिलं जातं, ‘दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही’. ३८० माणसांनी अभ्यासाला संमती दिली आणि हाती जे वाक्य आलं ते बहुधा चूकच आहे.

लहान अभ्यास निरुपद्रवी असतात, झालाच तर थोडा उपयोगच होतो, असं अनेकांना वाटतं. डोक्याच्या दुखापतीवर स्टेरॉइड देण्याची गोष्ट त्यांनी पाहावी. मेंदूची सूज कमी होईल या साध्या तर्काने अनेक ठिकाणी ती दशकानुदशकं दिली जात होती. छोट्या-छोट्या चाचण्या होत राहिल्या, आणि सगळ्या एकत्र केल्या तरी फायदा की तोटा हे ठरेना. शेवटी १९९९ मध्ये ‘क्रॅश’ नावाची मोठी चाचणी सुरू झाली, अनेक देशांतली रुग्णालयं त्यात उतरली आणि २००४ मध्ये निकाल छापला गेला. सुमारे दहा हजार रुग्ण. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन जीव जास्त गेले. वॉर्डात उभ्या असलेल्या कुठल्याही डॉक्टरला, कितीही अनुभवी असला तरी, शंभरातले ते तीन वेगळे दिसले नसते, कारण डोक्याला जबर मार लागलेले काही रुग्ण दगावतातच. छोट्या चाचण्यांनी इतकी वर्षं ‘आम्ही या प्रश्नावर काम करतो आहोत’ एवढं समाधान दिलं. ते समाधान फार महाग पडलं.

मग तीन आठवड्यांत शिकवायचं तरी काय? मी सूत्रांच्या जागी आधी संशय शिकवीन, आणि तोही दुसऱ्याच्या पेपरावर न शिकवता स्वतःच्या प्रश्नावर.

एक उदाहरण मी दर वेळी देते. ‘जे रुग्ण नियमित औषध घेतात ते जास्त जगतात, म्हणजे औषध चांगलं’ हा युक्तिवाद ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पटतो. अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या हृदयविकारावरच्या चाचणीने १९८० मध्ये क्लोफायब्रेट या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाबद्दलचे आकडे छापले. नियमित गोळ्या घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, अनियमित घेणाऱ्यांपैकी सुमारे २५ टक्के. इथवर औषधाचा विजय. मग प्लासिबोचा गट पाहा: साखरेच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के दगावले, अनियमित घेणाऱ्यांपैकी २८ टक्के. म्हणजे नेमाने गोळी घेणारा माणूसच वेगळा असतो. तो जेवणखाण सांभाळत असेल, तपासणीला येत असेल, मुळात कमी आजारी असेल. संशोधकांनी चाळीस घटकांचा हिशेब करून हा फरक पुसून टाकायचा प्रयत्न केला. तो कमी झाला, पण उरलाच. हे ऐकल्यावर वर्गातले निदान चार-पाच जण आपापला कागद पुन्हा उघडून वाचतात, कारण ‘फिजिओथेरपीला येणारे विरुद्ध न येणारे’, ‘फॉलोअप ठेवणारे विरुद्ध न ठेवणारे’ असलंच काहीतरी त्यांनी आणलेलं असतं. मी गप्प बसते. कागद त्यांनी स्वतःच बाजूला ठेवलेला बरा.

दुसरं उदाहरण राशींचं. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन देण्याच्या ‘आयसिस-२’ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद होता. १९८८ मध्ये पेपर छापताना संपादकांनी रुग्णांचे उपगट पाडून वेगवेगळे निकाल मागितले. संशोधकांनी ते दिले, आणि सोबत जन्मराशीनुसारही दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने फायदा तर नाहीच, उलट किंचित तोटा दिसत होता. वर्गात हे सांगितलं की हशा पिकतो. हसून झालं की मी विचारते, “तुमच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, वय, लिंग, मधुमेह, धूम्रपान, वजन असे किती उपगट आहेत?” फरक इतकाच, की मधुमेहाची गोष्ट रचता येते आणि राशीची येत नाही. गोष्ट रचता येणं हा पुरावा नव्हे, हे डॉक्टरला पटवणं अवघड जातं. त्याचं सगळं प्रशिक्षण लक्षणांतून सुसंगत गोष्ट रचण्याचं असतं. त्यात तो वाकबगार असतो आणि रुग्णाचा त्यात फायदाही होतो. संशोधनात मात्र हेच कसब उलटतं.

या वर्गांना डॉक्टर ‘कच्चे’ म्हणून येतात असं मला म्हणायचं नाही. तरी गणिताच्या बाबतीत सगळ्यांनाच, नामांकित ठिकाणच्यांनाही, जमिनीवर आणणारा एक जुना प्रयोग आहे. १९७८ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या साठ जणांना (विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि वरिष्ठही) विचारलं गेलं: हजारात एकाला असणारा आजार; चाचणी निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते; तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला खरंच आजार असण्याची शक्यता किती? साठपैकी अकराच जणांचं उत्तर बरोबर आलं. सर्वांत जास्त जणांनी ९५ टक्के सांगितलं. खरं उत्तर सुमारे दोन टक्के: हजारात खरा आजारी एक आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले पन्नास. यासाठी कॅल्क्युलेटर लागत नाही, हजार माणसं डोळ्यांसमोर उभी करावी लागतात. उन्हाळी वर्गात सांख्यिकी शिकवायचीच असेल तर ही सवय लावा. बाकीचं सॉफ्टवेअर करतं.

चांगले नमुने डोळ्यांसमोर नाहीत असंही नाही. हृदयविकाराच्या साथरोगशास्त्रावरची दहा दिवसांची आंतरराष्ट्रीय शिबिरं १९६८ पासून भरत आली आहेत. कर्करोगतज्ज्ञांसाठी अमेरिकेत १९९६ पासून, सुरुवातीला व्हेल इथे, आणि युरोपात १९९९ पासून, सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या फ्लिम्स इथे, भरणाऱ्या कार्यशाळांची रीत मला सर्वांत पटते. तरुण डॉक्टरने येताना आपल्या चाचणीची कल्पना लिहून आणायची. सात-आठ जणांच्या छोट्या गटात ज्येष्ठ डॉक्टर आणि सांख्यिकीतज्ज्ञ ती फाडून पाहणार. रात्री बसून ती पुन्हा लिहायची. सकाळी पुन्हा चर्चा. आणि आठवड्याच्या शेवटी पुरा प्रोटोकॉल, रुग्णासाठीच्या संमतिपत्रासकट, जमा करायचा. व्याख्यानं असतात, पण कणा या टेबलाचाच. संमतिपत्र तिथेच लिहायला लावतात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘तुमच्या सहभागाचा कदाचित कुणालाच उपयोग होणार नाही, कारण आमची नमुना-संख्या पुरेशी नाही’ हे वाक्य प्रामाणिकपणे लिहायची वेळ आली की पेन थांबतं.

हे सगळं ऑनलाइन होऊ शकत नाही का, असं हमखास विचारलं जातं. व्याख्यानांपुरतं होऊ शकतं आणि व्हावंही. बायसच्या व्याख्या ऐकण्यासाठी ड्युटी लावून, रजा टाकून, प्रवास करून यायची गरज नाही. पण आपल्या प्रश्नावर पाच माणसं तीन दिवस सतत बोलताहेत, पळायला जागा नाही आणि दुपारच्या चहाला तोच विषय, हा अनुभव स्क्रीनवर येत नाही. तिथे कॅमेरा बंद करता येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तीन आठवड्यांच्या अर्धवट ज्ञानापेक्षा डॉक्टरांनी संशोधनाच्या फंदात पडूच नये, ते काम पूर्णवेळ संशोधकांवर सोडावं, असं माझेच काही सहकारी म्हणतात. त्यांना मी नॉर्मन ग्रेग यांची आठवण देते. सिडनीचे हे नेत्रतज्ज्ञ. १९४१ मध्ये त्यांना जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुलं नेहमीपेक्षा जास्त दिसू लागली. त्यांनी आयांची चौकशी केली. गरोदरपणाच्या सुरुवातीला बहुतेकींना रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, येऊन गेला होता. मग ते स्वतःच्या मोजक्या केसेसवर थांबले नाहीत. इतर डॉक्टरांकडे विचारणा करून त्यांनी ७८ मुलांची माहिती गोळा केली आणि मांडली. साधं अंगावर पुरळ उठवणारा आजार गर्भाला इजा करतो हे त्या वेळी अनेकांना पटेना. पुढे ते सिद्ध झालं आणि आज त्यासाठी लस आहे. विद्यापीठात बसलेल्या कुठल्याही पद्धतिशास्त्रज्ञाला हा प्रश्न सुचला नसता, कारण ती मुलं त्याच्यासमोर येत नव्हती. प्रश्न खाटेपाशी जन्मतात. तेव्हा डॉक्टरांना संशोधनापासून दूर ठेवणं परवडणारं नाही. प्रत्येक प्रश्नाचा शेवट स्वतंत्र छोट्या अभ्यासात आणि स्वतःच्या नावाच्या पेपरात झाला पाहिजे, हा हट्ट मात्र सोडायला हवा. ग्रेग यांनीही इतरांच्या केसेस मागितल्याच.

त्या सर्जनकडे परत येते. तीनशेवाल्या विभागाने नऊ वर्षं काढावीत किंवा आकडा खोटा घालावा, याखेरीज तिसरी वाट असते: आणखी आठ-नऊ रुग्णालयं शोधावीत आणि तोच प्रोटोकॉल सगळीकडे वर्षभर चालवावा. यात सर्जनचं नाव लेखकांच्या यादीत कदाचित सतरावं येईल. उन्हाळी वर्ग इथे फार मोठं काम करू शकतो आणि जवळपास कुठेच करत नाही. निरनिराळ्या रुग्णालयांतले वीस डॉक्टर एकाच खोलीत आयते बसलेले असतात! त्यांना वीस वेगळे प्रोटोकॉल लिहायला लावण्याऐवजी वीस जणांचा मिळून दोन-तीन प्रश्नांवर एक-एक सामाईक प्रोटोकॉल का नको? अभ्यास एकच, जागा वीस.

यातून काय निघू शकतं ते २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. कोविडच्या पहिल्या लाटेत जगभर शेकडो छोटे अभ्यास घाईघाईने सुरू झाले. त्यातल्या बहुतेकांतून उपचाराबद्दल काहीच ठरलं नाही. ब्रिटनमध्ये मार्चमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची एक मोठी चाचणी उभी राहिली. फॉर्म मुद्दाम छोटे ठेवलेले, म्हणजे ड्युटीवरच्या थकलेल्या डॉक्टरला रुग्ण सामील करायला फार वेळ लागू नये. पावणेदोनशेच्या आसपास रुग्णालयं त्यात उतरली. जूनमध्ये निकाल हाती: डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आलं. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. डोक्याच्या दुखापतीत तोटा करणाऱ्या स्टेरॉइडच्याच जातीचं औषध इथे जीव वाचवत होतं. तर्काने यातलं काहीच आधी सांगता आलं नसतं. त्या चाचणीत रुग्ण सामील करणाऱ्या हजारो डॉक्टर-नर्सेसपैकी फारच थोड्यांच्या नावे स्वतंत्र पेपर लागला असेल. पण वैद्यकीय संशोधनात त्यांनी जे केलं त्याच्या जवळपास जाणारं काम तीन आठवड्यांचा वर्ग करून, स्वतंत्र अभ्यास काढून क्वचितच कुणाच्या हातून होतं. दुसऱ्याच्या चाचणीत नीट, नेमाने, प्रोटोकॉल न वाकवता रुग्ण सामील करणं हेही संशोधन-कौशल्य आहे. ते शिकवावं लागतं, आणि कुठल्याही विषयपत्रिकेत मी ते अजून पाहिलेलं नाही.

आता रुग्णालयांचं. उन्हाळी वर्गावरचा माझा सर्वांत मोठा राग वर्गावर नाहीच, वर्गानंतरच्या पहिल्या सोमवारवर आहे. डॉक्टर उत्साहाने परत येतात. तीन आठवडे त्यांची कामं ओढलेले सहकारी आता आपली पाळी वसूल करतात. नाइट ड्युट्या एकापाठोपाठ लागतात. प्रोटोकॉल लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये जातो. सांख्यिकीतज्ज्ञाचा फोन नंबर असतो, पण त्याच्या वेळेचे पैसे कोण देणार हे कुणी ठरवलेलं नसतं. सहा महिन्यांनी विभागप्रमुख विचारतात, “तो कोर्स करून आलात, पेपर कुठंय?” मग जे वेळेत होऊ शकतं ते होतं: जुन्या केसपेपरांतून एक्सेल शीट भरायची, त्यात जे जुळतं ते शोधायचं आणि छापायचं. वर्गात शिकलेलं रिग्रेशन इथे कामी येतं, हीच सर्वांत वाईट गोष्ट. शोधत गेलं की काही ना काही जुळतंच. राशीसुद्धा जुळल्या होत्या.

म्हणून प्रवेश-अर्जात दोन गोष्टी सक्तीच्या असाव्यात असं मी सुचवते. एक, विभागप्रमुखांची सही असलेलं वचन, की परतल्यावर वर्षभर या व्यक्तीला आठवड्यातली एक दुपार संशोधनासाठी मोकळी मिळेल आणि ती ड्युटी-यादीत तशी दिसेल. सही नाही तर जागा नाही. दोन, संस्थेची लेखी तयारी, की आणलेला अभ्यास वर्गात सोडून द्यायचं ठरलं, तर त्याची कारणं सांगणारी दोन पानांची टिपणी बढतीच्या फाइलमध्ये पेपराइतकीच धरली जाईल. दुसरी अट ऐकून प्रशासनातले लोक हसतात. न केलेल्या कामाचं श्रेय कसं द्यायचं, असं विचारतात. पण त्या दोन पानांत जुन्या चाचण्यांचा शोध असतो, खरा नमुना-संख्येचा हिशेब असतो, आणि पुढच्या माणसाने हाच प्रश्न हाती घ्यायचा तर काय लागेल ते असतं. फरक आढळला नाही म्हणणाऱ्या ३८० रुग्णांच्या पेपरापेक्षा ती पानं कुणाच्याही जास्त उपयोगाची आहेत. अशा टिपण्या वर्गाने जपून ठेवल्या आणि पुढच्या तुकडीला वाचायला दिल्या, तर तेच ड्रेसिंग दर उन्हाळ्यात नव्याने सुचणार नाही.

यावर आयोजकांची अडचण मला ठाऊक आहे. अशा अटी घातल्या तर अर्ज कमी येतील, आणि सही द्यायची तयारी मोठ्या, सुस्थित रुग्णालयांचीच असेल. छोट्या ठिकाणचे डॉक्टर, ज्यांना या वर्गाची खरी गरज आहे, ते बाहेर राहतील. दुसरा भाग खरा आहे आणि त्यावर उपाय पैशाचाच आहे: फीतली सवलत पुरेशी नाही, त्या डॉक्टरच्या जागी तीन आठवडे काम करणाऱ्याचा पगार वर्गाच्या अंदाजपत्रकात धरावा लागेल. प्रायोजक चहापानाला आणि बॅगांना पैसे देतात, याला का देणार नाहीत हे विचारून तरी पाहावं. पहिल्या भागाबद्दल मला फारशी चिंता नाही. पहिल्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील. शिक्षक तेवढेच ठेवून निम्म्या खुर्च्यांवर वर्ग चालवावा. प्रत्येक प्रोटोकॉलला टेबलाशी दुप्पट वेळ मिळेल.